नर्सिंग, एमबीबीएस, फिजिओ आणि एमएसडब्ल्यूची (समाजकार्य) मुलं एकाच सिम्युलेशनला (खोटा पेशंट घेऊन खऱ्यासारखा सराव) बसवायची आहेत, केस कुठली घेऊ?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा मोठा आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीकडे एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे स्किल लॅब आहे, डमी आहेत. शेजारच्या मेडिकल कॉलेजातही आहे, २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला तेव्हापासून त्यांना ती सक्तीचीच झाली. पण आमच्या मुली मंगळवारी आमच्या डमीवर शिकणार आणि त्यांची मुलं गुरुवारी त्यांच्या डमीवर. मग या दोघांची पहिली भेट कुठे होते, तर वॉर्डात, नाइटला, पेशंट गॅस्प करत असताना. एकमेकांची नावं माहीत नसतात, "ओ सिस्टर" आणि "सर" एवढ्यावर काम चालतं.

दोन वर्षं मागे लागून आता एक अख्खा दिवस मिळालाय. आमच्या चौथ्या वर्षाच्या मुली, त्यांचे इंटर्न, फिजिओची मुलं, फार्मसीची काही आणि गावातल्या एमएसडब्ल्यू कॉलेजची मुलं, मिळून चाळीसेक जण. वरून सांगितलंय की सीपीआर घ्या, सोपं आहे, फोटोही चांगले येतात. पण सीपीआरमध्ये इंटर्न ऑर्डर सोडणार, आमची मुलगी छाती दाबणार आणि एमएसडब्ल्यूवाला भिंतीला टेकून उभा राहणार. त्यात एकमेकांकडून काय शिकणार?

मी स्वतः सेकंड इयरला असताना एका पेशंटला दुसऱ्याच नावाची सलाईनची बाटली लावलेली पाहिली होती. दहा मिनिटं तिथेच उभी होते, तोंड उघडलं नाही. मोठ्या सिस्टरांनी राउंडला पाहिली आणि काढली, पेशंटला काही झालं नाही. पण ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. माझ्या मुलींना ते तोंड उघडायला शिकवायचंय, म्हणून विचारते, केस कुठली घेऊ?

अबोली
छान धागा! वाचतेय. माझी भाची फिजिओला आहे, तिला लिंक पाठवली.

भूलीचे_दिवस
मी भूलतज्ज्ञ, नागपूर. ताई, तुमच्या त्या दहा मिनिटांसाठी एक खरी घटना सांगतो, आम्ही दरवर्षी नव्या रेसिडेंट्सना सांगतोच.

२००५, इंग्लंड. एलेन ब्रोमिली नावाच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेल्या. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना आणि मास्कनेही हवा जाईना. तिथले डॉक्टर अनुभवी होते, कोणी नवशिका नव्हता. पण सगळ्यांचं लक्ष नळी कशी घालायची यातच अडकलं आणि वेळेचं भान सुटलं. खोलीतल्या नर्सना कळलं होतं काय चाललंय. एकीने गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करायचं सामान आणून ठेवलं आणि तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड बघितला. पुढे काहीच झालं नाही. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत, काही दिवसांनी गेल्या.

त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली वैमानिक. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी म्हणून आयुष्य घालवलं नाही, विमानात असं घडू नये म्हणून जे शिकवतात ते हॉस्पिटलात का शिकवत नाहीत हा प्रश्न धरून बसले आणि त्यातून तिथे मोठं काम उभं राहिलं.

यात ज्ञान कमी पडलं नव्हतं. सामान खोलीत होतं, ओळखणारी माणसंही खोलीत होती. त्यामुळे तुमची केस अशी हवी जिच्यात खरी माहिती सगळ्यात ज्युनिअर माणसाकडे असेल.

खलाशी
वरच्या प्रतिसादाला जोडून. मी मर्चंट नेव्हीत होतो, हॉस्पिटलचं मला काही कळत नाही, पण हे "विमानात जे शिकवतात" ते आम्हालाही शिकावं लागलं, जहाजावर त्याला ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं आणि मिळून काम कसं करायचं. मूळ विमानातलंच. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टन ठामपणे हो म्हणाला, तो कंपनीतला सगळ्यात मानाचा कॅप्टन, इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही.

आमच्याकडची एक साधी सवय सांगतो, ती मुलांना शिकवाच. कॅप्टन म्हणणार "पोर्ट टेन" (सुकाणू दहा अंश डावीकडे), सुकाणूवरचा माणूस मोठ्याने परत म्हणणार "पोर्ट टेन", आणि सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा सांगणार. वीस वर्षांत मी सुकाणूवरच्या माणसाला एकदाही नुसतं "हो, कळलं" म्हणताना ऐकलं नाही. तोच शब्द परत म्हणायचा.

भूलीचे_दिवस
@खलाशी अगदी. भूलशास्त्रात हे आणलं स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी, १९८० च्या दशकाच्या शेवटी. डमीवर ऑपरेशन थिएटरचा प्रसंग उभा करून टीमला त्यात सोडायचं आणि नंतर व्हिडिओ बघत बोलायचं. डमी हा त्यातला छोटा भाग, नंतरचं बोलणं मुख्य.

निम्मा_डॉक्टर
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. मी रेसिडेंट आहे, सरकारी. आमच्या वॉर्डात रात्री साठ पेशंटला दोन सिस्टर असतात, कधी एकच. मी छत्तीस तास उभा असतो. अशा वेळी कोणी मला "टीमवर्क" शिकवायला आलं की त्रास होतो. लाखालाखाच्या डमी येतात, खोलीला कुलूप लागतं, इन्स्पेक्शनला उघडते. त्या पैशात माणसं भरा आधी. सिस्टर गप्प का बसते? कारण तिच्याकडे बोलायला वेळ नाही.

रातराणी
निम्मा_डॉक्टर, बाळा, मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून स्टाफ नर्स म्हणून रिटायर झाले. माणसं कमी हे शंभर टक्के खरं, त्यासाठी आम्ही मोर्चेही काढलेत. पण सगळी माणसं असतानाही आम्ही गप्प बसलेलो आहोत, हेही तितकंच खरं.

लेबर रूममधली गोष्ट सांगते. बाळंतीण होऊन अर्धा तास झालेला. डॉक्टर टाके घालून शेजारच्या टेबलाकडे गेले. मी बाळाकडे. आमच्या मावशी फरशी पुसत होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तिसरं कापड भिजलं हो." मी म्हणाले होतंय, बघते. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, या वेळी कापडच घेऊन आल्या, माझ्यासमोर पिळलं. तेव्हा मी पळाले. गर्भाशय मऊ पडलेलं, बाई पांढरी. ऑक्सिटोसिन, मसाज, दोन सलाईन, रक्त, सगळं झालं आणि ती वाचली, तिची मुलगी आता कॉलेजात असेल.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी नेहमी कमीच दिसतं. आपल्या बेळगावला यावर काम झालंय, २००६ च्या सुमारास. खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावून मोजलं तर डोळ्यांचा अंदाज साधारण एक तृतीयांशाने कमी निघाला. आमच्या वेळी ती पिशवी नव्हती, मावशी होत्या.

वारणाकाठ, तुमच्या चाळीस जणांत मावशी आणि मामा आहेत का? नसतील तर तुमची टीम अर्धीच आहे.

वारणाकाठ
रातराणी सिस्टर, अंगावर काटा आला. नाही, मावशी यादीत नव्हत्या. आता घालते.

निम्मा_डॉक्टर, तुम्ही बोललात ते बरं झालं, इंटर्नही हेच बोलणार आहेत. माझ्याकडे माणसं भरायची ताकद नाही, एक दिवस आहे तो वाया घालवायचा नाही एवढंच. आणि महागडी डमी लागत नाही. ममा नॅटली म्हणून एक येते, शिकवणारीनेच पोटाला बांधायची, आत लाल पाण्याची पिशवी असते, रक्तस्राव हवा तेवढा सोडता येतो. तीच बाई बाळंतीण होऊन बोलते, ओरडते, पाणी मागते, त्यामुळे मुलं डमीशी नाही तर माणसाशी बोलतात.

टेकडीवरचं_घर
मी ना डॉक्टर ना नर्स. एका पेशंटची मुलगी. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, सतरा दिवस एका हॉस्पिटलमध्ये होते. उपचार चांगले झाले, मी कृतज्ञ आहे. पण डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता कार्ड हातात आलं. फिजिओ सकाळी येऊन व्यायाम सांगून गेलेला, तो भावाला सांगितला, भाऊ दुपारी गावी गेला. नाकातल्या नळीतून कसं भरवायचं हे सिस्टरनी आईला दाखवलं, आई घाबरलेली, तिच्या डोक्यात काही शिरलं नाही. गोळ्या मेडिकलवाल्याने पिशवीत घालून दिल्या. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. पण सगळ्यांनी मिळून कोणालाच काही सांगितलं नाही.

घरी आम्ही सगळ्या गोळ्या कुटून नळीतून दिल्या. त्यातली बीपीची गोळी हळूहळू विरघळणारी होती, ती कुटायची नसते हे मला दोन महिन्यांनी कळलं. बाबांना आडवं झोपवूनच दूध भरवलं, कारण दुखतं म्हणून ते बसायला तयार नव्हते. आठव्या दिवशी छातीत कफ, न्यूमोनिया, परत ॲडमिट. तेव्हा एका सिस्टरनी विचारलं, "भरवताना डोकं उंच केलं होतं ना?" त्या वेळी आईचा चेहरा झाला तो मी विसरू शकत नाही. ती अजून म्हणते, माझ्यामुळे झालं.

ताई, हृदय बंद पडलेल्या माणसाची केस घेतलीत तर सगळे धावतील, शिकतील. पण घरी जाणाऱ्या माणसाची केस घ्याल का?

अबोली
टेकडीवरचं_घर, आईंना सांगा हे त्यांच्यामुळे झालेलं नाही. खरंच सांगा.

पानगळ_लीड्स
धाग्याने वळण घेतलं ते फार बरं झालं. मी मूळची कोल्हापूरची, आता इंग्लंडात लीड्सला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला मदत करणारी. इकडे नर्सिंगच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचे २३०० तास करावे लागतात आणि त्यातले ६०० पर्यंत सिम्युलेशनमधून करायला आता परवानगी आहे, त्यामुळे हे दिवस बरेच होतात. आणि इथे हेल्थ आणि सोशल केअर असा जोडशब्दच वापरतात, सोशल वर्कची मुलं पहिल्या मिनिटापासून खोलीत.

आमच्याकडची आवडती केस हीच, डिस्चार्जची. ऐंशीच्या आजी, पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बेड रिकामा हवाय. एक अनुभवी बाई आजी होते. मी होते त्या दिवशी डॉक्टरकीच्या मुलाने सांगितलं "मेडिकली फिट", फिजिओची मुलगी म्हणाली वॉकरवर दहा पावलं चालतात, नर्सिंगची म्हणाली जखम कोरडी आहे. सगळं टिकमार्क. मग सोशल वर्कचा एक लाजरा मुलगा म्हणाला, "आजी, तुमच्या घरात जिना आहे का? आणि रात्री बाथरूमला उठता तेव्हा दिवा लागतो का?" आजी म्हणाल्या, पडले ते तिथेच. खोलीत शांतता. पडल्या कुठे आणि कशा हे वीस मिनिटांत कोणीही विचारलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा एकत्र शिकण्याची व्याख्या केली, वेगवेगळ्या व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात ते. आम्हाला ती पाठ करायला लावतात, पण मला ती त्या मुलाने विचारल्यावर कळली.

ओसरी
वाट बघत होते की कोणीतरी आमचा विषय काढेल. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. बहुतेकांना वाटतं आम्ही योजनेचे फॉर्म भरतो. रेशनकार्ड आणा, आधार आणा, महात्मा फुले योजनेत बसतंय का बघा, आरोग्यमित्राला भेटा. ते करतोच, त्यावर घरं वाचतात. पण आम्हाला बोलावतात कधी? बिल थकलं की, किंवा नातेवाईक पळून गेले की.

वारणाकाठ ताई, एक कळकळीची विनंती. एमएसडब्ल्यूच्या मुलांना शेवटी "आता समाजसेवकाची एंट्री" असं आणू नका. पहिल्या दिवसाच्या राउंडपासून ठेवा. पेशंट उसतोडीला जाणारा असेल तर तीन वेळा औषध कसं घेणार, घरी सून एकटी असेल आणि तिची मजुरी बुडणार असेल तर दर दोन तासांनी कूस कोण बदलणार, हे पहिल्या दिवशी कळलं तर डॉक्टर औषधसुद्धा वेगळं लिहितात. मी स्वतः पाहिलंय.

निम्मा_डॉक्टर
परत आलो. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, माणसं कमी आहेतच. पण काल रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षाला एकदा पहाटे चारला मी पोटॅशियम क्लोराईड सिरिंजमध्ये भरलं होतं. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं, थेट शिरेत दिलं तर हृदय थांबतं, हे पुस्तकात मला तोंडपाठ. हात मात्र शिरेकडे चालला होता. सिस्टर म्हणाल्या, "सर, एकदा बघता का?" मी म्हणालो, बघितलंय. त्यांनी माझं मनगट धरलं. नुसतं धरलं. तेव्हा मी बाटली वाचली.

त्यांनी मनगट धरलं नसतं तर? "एकदा बघता का" हे मला ऐकूच आलं नव्हतं. मी त्यांना कधी थँक्यू म्हणालो नाही.

भूलीचे_दिवस
तुमचा प्रतिसाद मी उद्या माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

आणि हा भाषेचा मुद्दा फार मोलाचा आहे. मराठीत मोठ्यांना अडवायचं तर आपण सगळे आडून बोलतो. "सर, बहुतेक...", "एकदा बघता का", "नाही म्हणजे मला आपलं वाटलं". दमलेल्या कानाला ते पोचत नाही. इंग्रजीत यासाठी तीन पायऱ्या शिकवतात, आम्ही त्या मराठीत बसवल्यात. आधी "सर, मला काळजी वाटतेय". नाही ऐकलं तर "सर, मला हे बरोबर वाटत नाहीये". तरी नाही तर "थांबा, पेशंटला धोका आहे". तिसरं वाक्य आलं की खोलीतल्या प्रत्येकाने हात थांबवायचा, प्रोफेसर असला तरी. मुलींना हे मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्या वेळी आवाज फुटत नाही, चौथ्यांदा फुटतो.

पडद्यामागे
सांगली म्हटल्यावर राहवेना. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी जिथे नाटक केलं त्या गावात पेशंट करायला नट मिळणार नाहीत का? मी हौशी रंगभूमीवर आहे आणि एका मेडिकल कॉलेजसाठी तीन वर्षं पेशंट होतोय. याची सुरुवात १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने केली, निरोगी माणसाला पेशंटचं काम शिकवून.

हे नाटकापेक्षा वेगळं आहे. इथे टाळी घ्यायची नाही. दहा गट आले तर दहाही वेळा तेच दुखणं, तेवढंच सांगायचं, विचारलं तरच सांगायचं. पॅरालिसिसचा पेशंट करताना शब्द सुचत नाही ते करावं लागतं, तेव्हा मुलं माझ्याऐवजी माझ्या "बायकोशी" बोलायला लागतात, मी खाटेवर असतानाच. मी नंतर गटाला तेवढंच सांगतो की मला सगळं ऐकू येत होतं.

दोन सूचना. दिवस संपल्यावर नटाला पात्रातून बाहेर यायला दहा मिनिटं द्या, चहा द्या, स्वतःच्या नावाने हाक मारा. आणि मुलांपैकी कोणाच्या घरी नुकतंच असं घडलं असेल तर त्याला आधीच विचारून वेगळं काम द्या.

वारणाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ठरलं. सकाळी लेबर रूम, रक्तस्रावाची माहिती फक्त मावशींकडे. दुपारी डिस्चार्ज, शिराळ्याकडचा शेतकरी, पॅरालिसिस, नाकात नळी, कुटायची नाही अशी एक गोळी पिशवीत. टेकडीवरचं_घर, तुमच्या परवानगीनेच घेतेय.

(तीन आठवड्यांनी)

वारणाकाठ
झाला दिवस. सगळं लिहीत बसत नाही, तीनच गोष्टी.

सकाळच्या पहिल्या दोन गटांत मावशी दोनदा बोलल्या तरी कोणी वळून बघितलं नाही. मुलं वाईट नाहीत, त्यांना तो आवाज हॉस्पिटलचा वाटतच नाही. चर्चेत मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मला सवय आहे." इंटर्नपैकी एकजण रडला. तिसऱ्या गटाने सुरुवातीलाच सगळ्यांनी नावं सांगितली, मावशींचंही विचारलं, आणि त्या गटात रक्तस्राव पहिल्याच हाकेला सापडला.

दुपारी गोळी फक्त एकाच गटात पकडली गेली, फार्मसीच्या मुलीने. इतर गटांत फार्मसीची मुलं होती, त्यांना माहीतही होतं, पण "डॉक्टरांनी लिहिलीय म्हणजे असेल" म्हणून बोलली नाहीत. यावर आम्ही पाऊण तास बोललो, चहा गार झाला.

आणि माझ्याकडून एक चूक झाली. चर्चेत मीच जास्त बोलले. पुढच्या वेळी फक्त विचारणार, तुम्हाला त्या क्षणी काय दिसत होतं? आणि गप्प बसणार.

टेकडीवरचं_घर
आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं की शेवटी त्या शेतकऱ्याला भरवायला कोणाला शिकवलं.

वारणाकाठ
त्याच्या सुनेला. तिच्याकडून तीनदा करवून घेतलं, डोकं उंच करून, भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच ठेवून. आईंना हे नक्की सांगा.

निम्मा_डॉक्टर
केसशीट पाठवाल का? आमच्या युनिटमध्ये रविवारी घेऊन बघतो. सिस्टर तयार आहेत, त्याच, मनगटवाल्या. थँक्यू म्हणून आलो काल.

वारणाकाठ
पाठवते. त्यात पेशंटच्या घरापासून संडास किती लांब आहे ती जागा रिकामी ठेवलीय, ती तुमच्या भागाप्रमाणे भरून घ्या.